स्थळाच्या मुलावर पोलीस केस आहे का, हे कसं बघायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला काय समजलं ते तुम्हाला कळेल. धाकट्या बहिणीसाठी स्थळ आलंय. मुलगा पुण्यात आयटी कंपनीत, मूळ गाव अमरावती जिल्ह्यात. दोन्हीकडची पसंती झाली आणि सुपारी फुटायच्या तोंडावर कुणीतरी तुमच्या मामांच्या कानात घातलं, "त्या पोरावर पोलीस केस होती म्हणे." कसली, कधी, कुठे, काहीच सांगितलं नाही. आता एक एजन्सी साडेचार हजारांत 'संपूर्ण पोलीस रेकॉर्ड' काढून देते म्हणते. पैसे भरावेत, की हे घरबसल्या फुकट बघता येतं?

मी जिल्हा न्यायालयात २२ वर्षं फौजदारी बाजूला वकिली करतोय. तुळशीचं लग्न लागलं की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. पूर्वी मुलीचे काका गावी जाऊन एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा मागवायचे आणि गल्ल्यावरच्या माणसाला "अमक्यांचं घर कसं आहे हो?" विचारायचे. आता तेच काम मोबाईलवर होतं. चहावाल्याची माहिती कधी कधी जास्त बरोबर असायची, हेही कबूल करतो.

पैसे भरू नका. आपल्याकडे 'या माणसाला कधी शिक्षा झाली का' हे सांगणारं, कुणालाही उघडून बघता येईल असं रजिस्टरच नाही. पोलीस ठाणी सीसीटीएनएस नावाच्या जाळ्यात जोडलेली आहेत, पण ते पोलिसांच्या कामासाठी. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, तीही तपास यंत्रणांपुरतीच आहे. मग एजन्सी आणणार कुठून? एक तर न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकून जे दिसतं ते छापून देणार, आणि ते तुम्हालाही फुकट दिसतं. नाहीतर ठाण्यातल्या कुणाच्या तरी हातावर पैसे ठेवणार. या दुसऱ्या वाटेला जाऊ नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मुलावर केस आहे का हे बघता बघता तुमच्यावरच व्हायची.

तर आधी न्यायालयाचं बघू. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. राज्य, जिल्हा, मग न्यायालयाचं आवार निवडायचं, नाव टाकायचं, नोंदणीचं वर्ष टाकायचं, आणि 'प्रलंबित', 'निकाली' की 'दोन्ही' ते निवडायचं. यात दोन ठिकाणी माणसं फसतात. पहिलं म्हणजे हा शोध अख्ख्या राज्याचा नसतो, एका आवाराचा असतो. अमरावती निवडलं म्हणून अचलपूर, दर्यापूर, मोर्शी, वरुड आलं असं होत नाही. पुण्यातही शिवाजीनगर वेगळं आणि पिंपरी वेगळं. म्हणून आधी कागदावर मुलाची गावं लिहून काढा: मूळ गाव, कॉलेज जिथे झालं ते, नोकरीची शहरं, आजोळ. इंजिनिअरिंगची हॉस्टेलची चार वर्षं लोक हमखास विसरतात, आणि मारामाऱ्या तर तेव्हाच होतात. दुसरं म्हणजे वर्ष भरावंच लागतं, म्हणजे दहा वर्षं बघायची तर प्रत्येक आवारासाठी दहा वेळा तोच खेळ. कंटाळवाणं आहे, पण रविवारच्या एका दुपारीत होतं.

'दोन्ही' निवडायला विसरू नका हे मी अनुभवावरून सांगतोय. हे संकेतस्थळ नवं नवं हाताळत होतो तेव्हा एका ओळखीच्या गृहस्थांना मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "काही नाही, बिनधास्त पुढे जा." मी फक्त प्रलंबित बघितलं होतं. मुलाने आधीच्याच वर्षी दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसमध्ये गुन्हा कबूल करून दंड भरला होता, आणि ते प्रकरण निकालीमध्ये आरामात बसलं होतं. लग्न मोडलं नाही, पण ते गृहस्थ आजही मला दिवाळीला फराळ पाठवताना एक टोमणा सोबत पाठवतात.

आता नाव. आपली नावं न्यायालयात इंग्रजी स्पेलिंगने चढतात आणि ती चढवणारा कारकून त्याच्या भागातल्या सवयीने चढवतो. जाधव घ्या. पश्चिम महाराष्ट्रात शेवटचं अक्षर व्ही, तुमच्या मुलाकडच्या वऱ्हाडात बहुतेक वेळा ओ. दीपकमध्ये डबल ई की आय, ज्ञानेश्वरची सुरुवात डी एन ने की जी वाय ने, याला काही धरबंध नसतो. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. आडनावाची पहिली चार-पाच अक्षरं टाका, येईल ती यादी डोळ्यांखालून घाला. वडिलांचं नाव जवळ ठेवा, कारण आपल्या पद्धतीत मधलं नाव हीच खरी ओळख असते. 'उर्फ' सुद्धा बघा. गावात ज्याला सगळे पप्पू म्हणतात, तो फिर्यादीतही पप्पू म्हणूनच येतो.

यादीत नाव सापडलं की छातीत धस्स होतं. त्या क्षणी मामांना फोन करू नका. आधी नाव कोणत्या बाजूला आहे ते बघा. पोलीस केसमध्ये डाव्या बाजूला महाराष्ट्र शासन किंवा पोलीस ठाणं असतं आणि उजवीकडे आरोपी. खासगी फौजदारी प्रकरणात डावीकडे तक्रारदार असतो. एका कुटुंबाला मुलाच्या वडिलांच्या नावावर एकाच वर्षात सहा फौजदारी केसेस दिसल्या आणि त्यांनी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. सकाळी मला यादी दाखवली. सहाही प्रकरणं चेक न वटल्याची, कलम १३८ ची, आणि सहाहींमध्ये ते गृहस्थ फिर्यादी. खतांचं दुकान होतं, लोकांनी उधारीचे चेक दिले होते. त्यांच्यावर एकही केस नव्हती, उलट लोकांकडेच त्यांचे पैसे अडकले होते.

मग माणूस तोच का, हे बघायचं. संकेतस्थळावर फोटो नसतो, जन्मतारीख नसते. नुसत्या नावाच्या जोरावर ठरलेलं लग्न मोडलेलं मी बघितलंय. नंतर कळलं की तो आरोपी शेजारच्या तालुक्यातला, ५८ वर्षांचा, तीन नातवंडांचा आजोबा. तोवर मुलाकडच्यांनी दुसरीकडे सुपारी फोडली होती. ओळख पटवायची तर त्या प्रकरणाच्या पानावर पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष दिलेलं असतं ते टिपून घ्या. त्यावरून एफआयआर मिळाला तर त्यात आरोपीचं वय आणि पत्ता बहुधा असतो.

एफआयआर मिळतो का? पुष्कळदा मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ ला आदेश दिला की एफआयआर २४ तासांच्या आत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचा, दुर्गम भागात जोडणीची अडचण असेल तर ७२ तासांपर्यंत. त्या वर्षीच्या १५ नोव्हेंबरपासून ते लागू झालं. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारीख टाकून प्रसिद्ध झालेले एफआयआर बघता येतात. लैंगिक गुन्हे, बालकांवरचे अत्याचार, दहशतवाद वगैरे संवेदनशील प्रकरणं मात्र टाकायची नसतात, आणि ते योग्यच आहे. तारखेशिवाय इथे शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई, म्हणून आधी न्यायालय आणि मग पोलीस, हा क्रम. दोषारोपपत्र मात्र शोधत बसू नका. ते असं सगळ्यांसाठी संकेतस्थळावर टाकायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेच जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे तुमची एजन्सी काहीच कामाची नाही: सापडलेलं प्रकरण वाचायचं कसं.

कलमं बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागते. म्हणून अजून कित्येक वर्षं दोन्ही आकडे दिसत राहणार. २७९ आणि ३३७ च्या जोडीला मोटार वाहन कायद्याचं १८४ दिसलं तर तो अपघात. गाडी ठोकली, समोरच्याला लागलं, केस झाली. ३२४, ५०४, ५०६ आणि शेवटी ३४, ही माळ गावाकडे बांधाच्या भांडणात इतकी ठरलेली आहे की आकडे वाचूनच मला वावर डोळ्यांसमोर दिसतं. भाऊबंदकीत एकाच्या डोक्यात काठी बसली की घरातल्या सगळ्या पुरुषांची नावं फिर्यादीत येतात, अगदी त्या दिवशी पुण्यात लॅपटॉपसमोर बसलेल्याचंही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं १३५ म्हणजे बहुतेक वेळा मनाई आदेश असताना मोर्चा काढला. १८८ आणि साल २०२० असेल तर लॉकडाऊनमध्ये विनाकारण फिरताना धरलं. यातल्या कशावरूनही मी माझ्या मुलीचं लग्न मोडणार नाही.

४२०, ४०६ असेल, म्हणजे फसवणूक आणि विश्वासघात, नव्या संहितेत ३१८(४) आणि ३१६, तर थांबा आणि खोलात जा. पैशाचा व्यवहार बिघडणं वेगळं आणि चाळीस जणांना नोकरी लावतो म्हणून पैसे घेणं वेगळं. फिर्यादी एक की अनेक, यावरून बराच अंदाज येतो. ३५४, ३५४ ड, ३७६, म्हणजे विनयभंग, पाठलाग, बलात्कार असेल, नव्यात ७४, ७८, ६४, तर मी हलक्यात घेऊ नका एवढंच म्हणेन. त्या प्रकरणातली मुलगी कोण, हे शोधायच्या फंदात मात्र पडू नका. पीडितेची ओळख छापून किंवा प्रसिद्ध करून उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

राहिलं ४९८ अ, आता ८५, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ. लग्नाच्या चौकशीत हेच कलम सर्वांत जास्त निघतं, आणि याबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. एक म्हणतो, आग असल्याशिवाय धूर निघत नाही. दुसरा म्हणतो, या केसेस सगळ्या खोट्याच असतात. मी दोन्ही बाजूंनी या केसेस चालवल्यात, त्यामुळे दोन्ही वाक्यं मला चालत नाहीत. आधी मुलगा आरोपी क्रमांक किती ते बघा. क्रमांक एक असेल तर बहुधा त्याचं स्वतःचं आधी लग्न झालेलं आहे, आणि हे तुम्हाला अजून सांगितलं नसेल तर केस राहू दे, तेवढंच पुरेसं आहे. क्रमांक चार किंवा पाच असेल तर तो बहुधा दीर आहे, म्हणजे भावाच्या संसारातलं भांडण. मग फिर्यादीत त्याच्या नावासमोर नेमकं काय लिहिलंय ते बघायचं. 'सर्वांनी मिळून त्रास दिला' असं एकच वाक्य आहे, की 'दिराने अमुक दिवशी हात उगारला' असं तारखेसकट आहे? मला विचाराल तर भावजय त्या घरात का टिकली नाही, हे तुमच्या बहिणीच्या दृष्टीने जास्त कामाचं आहे. ते समजून घ्या, केस खरी ठरो वा खोटी.

कलमांइतकंच लक्ष तारखांच्या इतिहासाकडे द्या. प्रत्येक तारखेला काय काम होतं ते तिथे लिहिलेलं असतं. ओळीने 'समन्स', मग 'वॉरंट', पुन्हा 'वॉरंट', मग 'अजामीनपात्र वॉरंट' असं दोन वर्षं चाललं असेल, तर आरोपी कोर्टाला तोंड दाखवत नाहीये. साध्या मारामारीच्या केसमध्ये असं दिसलं तरी माझ्या मनात पाल चुकचुकते. उलट गंभीर कलमाची केस असून प्रत्येक तारखेला हजर, पुरावा सुरळीत चाललाय, तर तो माणूस निदान पाठ दाखवून पळणारा नाही.

निकाल लागला असेल तर तो उघडून वाचा. खालच्या कोर्टाचे निकाल पुष्कळदा मराठीतच असतात. 'निर्दोष मुक्त' एवढ्यावर समाधान मानू नका आणि त्यावर शंकाही घेऊ नका, आधी कारण शोधा. शेवटून दुसरं-तिसरं पान बघा. 'फिर्यादी व पंच साक्षीदार फितूर झाले' असं असेल तर बहुतेक बाहेर मिटवामिटवी झाली. 'वैद्यकीय पुरावा फिर्यादीशी जुळत नाही' असं असेल तर फिर्यादच डळमळीत होती. 'संशयाचा फायदा' हे शब्द बघून लोक बिचकतात, पण आमच्याकडे ते निकालाचं नेहमीचं बोलणं आहे. कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोषच. 'दोषमुक्त' हा आणखी वेगळा शब्द: खटला पुरता चालायच्या आधीच आरोपात दम नाही म्हणून सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाचं संकेतस्थळ वेगळं आहे, तिथेही एकदा नाव टाका, कारण गुन्हा रद्द करून घ्यायला लोक तिथे जातात. अमरावतीसाठी नागपूर खंडपीठ, पुण्यासाठी मुंबई.

समजा सगळीकडे शोधलं आणि काहीच निघालं नाही. याचा अर्थ काहीच नव्हतं असा होत नाही, आणि हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. अदखलपात्र तक्रार, ज्याला आपण एनसी म्हणतो, ती ठाण्याच्या वहीत राहते, कोर्टापर्यंत बहुधा जातच नाही. चॅप्टर केस, म्हणजे पुढे शांतता राखीन असा बाँड घ्यायची कारवाई, तहसीलदारांसमोर किंवा शहरात असाल तर एसीपींसमोर चालते, ती ई-कोर्ट्सवर येत नाही. तडीपारीचा हुकूम प्रांत किंवा डीसीपी काढतात, तोही नाही. एफआयआर झाला पण पोलिसांनी तपास करून समरी, म्हणजे प्रकरण बंद करायचा अहवाल, पाठवली, तर आरोपीच्या नावाने खटला कधी उभाच राहत नाही. आपल्याकडे याचे तीन प्रकार: गुन्हा घडलाय पण आरोपी सापडत नाही ती 'ए', फिर्याद खोटी म्हणून 'बी', आणि गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून झालेली ती 'सी'. तुमच्या मामांच्या कानावर आलेली 'केस' ही बी समरी झालेली असण्याचीही बरीच शक्यता आहे. जुनी निकाली प्रकरणंही सगळ्या तालुक्यांत सारखी चढवलेली नाहीत. आणि मुलगा १८ च्या आतला असताना काही घडलं असेल तर ते तुम्हाला दिसणारच नाही, दिसूही नये. बाल न्याय कायदा त्याला कोरी पाटी देतो. कुणी आतून ती माहिती काढून दिली तरी घेऊ नका.

पोलिसांचा दाखला मागता येतो का? चारित्र्य पडताळणीचा दाखला ज्याचा त्यालाच मिळतो, तुम्ही त्याच्या नावाने अर्ज करू शकत नाही. मुलगा आयटीत आहे, परदेशी प्रकल्पावर जायचं असेल तर पासपोर्ट सेवेतून त्याने असा दाखला एखादे वेळी काढलेलाही असेल. सहज विषय निघाला तर विचारा. पण लग्नाच्या बोलणीत "पोलीस व्हेरिफिकेशन आणा" असं म्हणणं म्हणजे भाडेकरू ठेवतोय असं वाटतं. माहिती अधिकारात अर्ज करून एफआयआर मागवू, असंही काही जण म्हणतात. त्रयस्थाला बहुतेक वेळा वैयक्तिक माहिती म्हणून नकारच मिळतो, आणि तोवर लग्नाचा सीझन संपतो.

जाता जाता, पुढेमागे कुणाला उपयोग होईल म्हणून: मुलाच्या किंवा मुलीच्या वडिलांनी निवडणूक लढवली असेल तर काम फारच सोपं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांपासून लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला स्वतःवरच्या केसेस शपथपत्रात लिहाव्या लागतात, आणि ती शपथपत्रं जाहीर असतात. परदेशातल्या स्थळांचं गणित निराळं. अमेरिकेत पुष्कळ काउंटींच्या कोर्टांची नोंद नावाने ऑनलाइन दिसते आणि लैंगिक गुन्हेगारांची यादी सर्वांना उघडी आहे. इंग्लंडमध्ये तसं नाही, तिथे मूलभूत दाखला त्या व्यक्तीनेच काढायचा किंवा तिच्या संमतीने.

आता इतकं सगळं सांगून झाल्यावर खरं सांगतो. माझ्याकडे जे येतात त्यांना मी आधी हे शोधकाम करायला लावतो आणि मग म्हणतो, मुलाला विचारा. सरळ. आई-वडिलांना नाही, मध्यस्थांना तर मुळीच नाही. कुठेतरी कॉफी प्यायला बसा आणि म्हणा, "आमच्या कानावर एक गोष्ट आली आहे, ऐकीव आहे, म्हणून तुम्हालाच विचारतोय. तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर कधी पोलीस केस झाली होती का? काय झालं होतं?" आणि मग गप्प बसा. वकिली करताना मला हीच गोष्ट शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला.

सरळ माणूस एक तर चकित होतो किंवा सगळं सांगून टाकतो. "हो, चुलत्यांनी केली होती, बांधावरून, २०१९ ला मिटली" असं म्हणाला तर केसचा नंबर मागा. खटला झाला असेल तर प्रत्येक केसला १६ अंक-अक्षरांचा एक सीएनआर नंबर असतो. तो मिळाला की गाव, वर्ष, स्पेलिंग, कशाचीच झंझट नाही, टाकला की केस समोर. ज्याची केस चालू आहे त्याच्या वकिलाकडे तो असतोच, एका फोनचं काम. "नंबर कशाला हवाय, विश्वास नाही का?" असं उत्तर आलं तर ते उत्तर लक्षात ठेवा. तुम्ही आधी शोधकाम केलेलं असेल तर त्याने सांगितलेलं आणि तुम्हाला दिसलेलं जुळतं का, हे तुम्हाला तिथल्या तिथे कळेल. शोध आधी का घ्यायचा, त्याचं कारण हेच.

आणि हे विचारायला तुमची बहीण बरोबर असू द्या. तुमच्या अख्ख्या प्रश्नात ती एकदाच आली, "बहिणीला अजून काही सांगितलं नाही" या वाक्यात. तुम्ही काळजीपोटी करताय हे कळतंय. पण संसार तिला करायचाय. गाडी ठोकल्याच्या केसकडे ती कानाडोळा करेल, तुम्ही करणार नाही, किंवा उलटही होईल. आणि तोच प्रश्न त्याने तुमच्या घराबद्दल विचारला तर उत्तर तयार ठेवा. मागच्या वर्षी अशाच एका बैठकीत मुलाने शांतपणे सगळं सांगितलं आणि मग विचारलं, "तुमच्या मोठ्या भावांवर सावकारीचा गुन्हा आहे, तो मिटला का?" मुलीच्या वडिलांना ते माहीतच नव्हतं.

एक सूचना कडक आहे. जे सापडेल त्याचा स्क्रीनशॉट कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. माणूस चुकीचा निघाला तर तो अब्रुनुकसानीची फिर्याद करू शकतो, जुनं ४९९-५००, नवं ३५६. बरोबर निघाला तरी सुटलेल्या माणसाची केस गावभर फिरवून तुम्हाला काय मिळणार? मामांनाही एवढंच सांगा की बघतोय. ज्याने कानात सांगितलं त्याला मात्र जरूर विचारा, "तुला कुणी सांगितलं?" अशी साखळी मी दोन-तीनदा मागे नेलीय. एकदा ती थेट त्याच मुलाला आधी नकार मिळालेल्या घरापाशी जाऊन थांबली होती.

तर या आठवड्यात गावांची यादी करा, शनिवार-रविवारी अमरावती जिल्ह्यातली आवारं, शिवाजीनगर आणि पिंपरी बघून घ्या, कौटुंबिक न्यायालयही बघा, म्हणजे आधीच्या लग्नाचा काही मागमूस असेल तर कळेल. त्यानंतर भेट ठरवा. काही सापडलं आणि वाचून उलगडा होईना, तर नावं झाकून कलमं, तारखांचा रकाना आणि निकालाची शेवटची दोन पानं मला पाठवा. संध्याकाळी सातनंतर मी मोकळा असतो.